फोटो मोबाइलवर उभा, टीव्हीवर आडवा

लग्नाचे फोटो पेनड्राइव्हवर घेऊन टीव्हीला लावावेत, तर नवरा-नवरी आडवे! मोबाइलवर मात्र तेच फोटो अगदी सरळ. अशा वेळी टीव्ही बिघडलेला नसतो आणि फोटोही धड असतो. फाइलमधली एक छोटी नोंद तेवढी टीव्हीने वाचलेली नसते.

फोन उभा धरला तरी आतला सेन्सर काही फिरत नाही. तो आपल्या ठरलेल्या क्रमाने, आडव्या ओळींत चित्र टिपतो. फोन कसा धरला होता हे गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखणाऱ्या दुसऱ्या सेन्सरला कळतं, आणि फोटोच्या फाइलमध्ये ‘एक्झिफ’ नावाच्या भागात १ ते ८ पैकी एक आकडा लिहिला जातो. १ असेल तर चित्र आहे तसं दाखवायचं, ३ असेल तर पूर्ण उलटं करायचं, ६ असेल तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ९० अंश फिरवायचं. मोबाइल हे निमूटपणे पाळतो. काही टीव्हींचं फोटो दाखवणारं ॲप मात्र या आकड्याकडे ढुंकूनही बघत नाही.

गंमत म्हणजे गॅलरीत फोटो नुसता ‘रोटेट’ केला तर काही ॲप पुन्हा तो आकडाच बदलतात, त्यामुळे टीव्हीवर फोटो आडवा तो आडवाच. त्यापेक्षा कडेने किंचित क्रॉप करून नवी प्रत सेव्ह करावी. तेव्हा बहुधा चित्रातले ठिपकेच नव्या क्रमाने लिहिले जातात.

फाइलचं नाव दिसतं पण फोटो उघडतच नाही, ही तक्रार वेगळी. आयफोन २०१७ पासून जागा वाचवण्यासाठी ‘एचईआयसी’ प्रकारात फोटो साठवतो, आणि अनेक टीव्हींना फक्त जुना जेपेग कळतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘फॉरमॅट्स’खाली ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडलं की पुढचे फोटो जेपेगमध्ये येतात; आधीचे तेवढे बदलून घ्यावे लागतात. जेपेगमध्येही एक पोटप्रकार आहे, ‘प्रोग्रेसिव्ह’: आधी अख्खं चित्र धूसर, मग टप्प्याटप्प्याने स्पष्ट. तो उलगडताना साऱ्या चित्राची आकडेमोड मेमरीत धरून ठेवावी लागते, म्हणून काही टीव्ही तो नाकारतात. साध्या जेपेगमध्ये सेव्ह केला की काम झालं.

दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या मात्र दोष नव्हेत. फोनचा फोटो सहसा ४:३, टीव्ही १६:९. फोर-के पडद्याची उंची २१६० ठिपके. तेवढ्या उंचीच्या फोटोची रुंदी भरते २८८०, आणि पडदा आहे ३८४० रुंद. उरलेले ९६० ठिपके दोन्हीकडे निम्मेनिम्मे. पट्ट्या घालवायला ‘झूम’ केलात तर वरखाली कुणाचं तरी डोकं नाहीतर पाय कापले जाणार!

चेहरे तांबडे-नारिंगी दिसत असतील तर पिक्चर मोड ‘व्हिव्हिड’वर आहे का ते बघा. दुकानातल्या झगझगीत उजेडात गिऱ्हाइकाचं लक्ष वेधायला तो ठीक. घरी ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोड लावा आणि शार्पनेसही उतरवा, म्हणजे केसांभोवतीची पांढरी कडाही जाईल.