दोन कॉमांच्या मधला मजकूर

‘वाचताना श्वास घेतो तिथे कॉमा द्यायचा’, हा शाळेत शिकलेला नियम मुंबईतल्या कितीतरी ऑफिसांत इंग्रजी पत्रे लिहिताना अजून चालतो. नियम चुकीचा आहे आणि त्याने अर्थ फिरतो.

हाउसिंग सोसायटीच्या फलकावर अशी नोटीस लागली समजा: ‘मेंबर्स हू हॅव नॉट पेड मेंटेनन्स विल नॉट गेट पार्किंग.’ म्हणजे थकबाकीदारांना पार्किंग नाही. आता ‘मेंबर्स’नंतर एक आणि ‘मेंटेनन्स’नंतर एक कॉमा द्या. झाले, अख्खी सोसायटी थकबाकीदार ठरली! जोडीने आलेले कॉमा मधल्या मजकुराला केवळ जादा माहिती ठरवतात. तो उचलून बाजूला ठेवला तर उरते, ‘मेंबर्स विल नॉट गेट पार्किंग’. कॉमा नसतील तर तोच मजकूर चाळणीचे काम करतो.

आपण इथे हमखास का चुकतो? ‘ज्या सभासदांनी मेंटेनन्स भरला नाही, त्यांना पार्किंग मिळणार नाही.’ मराठीत चाळणी लावतात ‘ज्या’ आणि ‘त्यांना’. स्वल्पविराम आला तरी अर्थ ढळत नाही. हात तीच सवय इंग्रजीत नेतो.

दुसरी चूक क्रियापदाची. ‘द मॅनेजर, अलाँग विथ टू क्लार्क्स, इज ऑन लीव्ह.’ इथे ‘आर’ चालत नाही, कारण कर्ता एकटा मॅनेजर. पण क्रियापद येईपर्यंत कर्ता ध्यानात धरून ठेवावा लागतो आणि जवळचे अनेकवचन क्रियापदाला आपल्याकडे ओढते. एकवचनी कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये अनेकवचनी नाम आले की बोलणारे अशा चुका जास्त करतात, हे कॅथरीन बॉक आणि कॅरल मिलर यांनी १९९१ साली प्रयोगांतून दाखवले.

कॅनडात २००६ साली दोन कंपन्यांच्या करारात एका कॉमाने मधला मजकूर असाच वेगळा पडला आणि एका वर्षाच्या नोटिशीने करार मोडण्याची मुभा पहिल्या पाच वर्षांनाही लागू असल्याचा निर्णय झाला. पुढच्या वर्षी कराराचा फ्रेंच मसुदा पाहून तो फिरवला गेला.

व्याकरण तपासणाऱ्या ॲपवर इथे विसंबू नका. ‘माय ब्रदर हू लिव्ज इन ठाणे’मध्ये कॉमा हवेत का, हे तुम्हाला भाऊ किती यावर ठरते. एकच असेल तर हवेत.

कॉमाऐवजी डॅश वापरला तर मधल्या मजकुरावर जोर येतो, कंसात तो दबतो. कॉमा असो वा डॅश, वाक्याच्या मध्ये उघडलेली जोडी बंद करायची राहते, ही नेहमी दिसणारी चूक. कंसातला मजकूर वाक्याचाच भाग असेल तर पूर्णविराम कंसाबाहेर द्यावा.