अपडेट मागे घेताना तुमच्या नोंदींचं काय होतं?

आंब्याच्या पेट्या आणि पट्टी (विक्रीचा हिशोब) यांचं आपलं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या बागायतदार आणि पॅकिंगवाल्यांसाठी

एप्रिल लागला की हा फोन येतोच, "काल बरं चालत होतं, रात्री तुम्ही अपडेट टाकलंत आणि आता पट्टी जुळत नाही, होतं तसं करून द्या बघू." तुमचं म्हणणं रास्तच असतं, संध्याकाळी गाडी वाशी मार्केटला सुटायची असते, शेडमध्ये माणसं खोळंबलेली असतात. पण "होतं तसं" म्हणजे नक्की काय, हे आधी बोलून ठेवलेलं बरं, कारण घाईत चुकीची गोष्ट मागे घेतली तर जातात त्या तुमच्या नोंदी.

त्यात दोन गोष्टी येतात. एक प्रोग्राम, म्हणजे स्क्रीन, बटणं, हिशोब. तो जुना परत बसवणं सोपं. दुसरी म्हणजे डेटाबेसचा, म्हणजे तुमच्या नोंदी जिथे साठतात त्याचा साचा, कुठल्या टेबलात कुठले कॉलम आहेत ते. हा साचा बदलणाऱ्या फाइलला मायग्रेशन म्हणतात. आपलं सॉफ्टवेअर जँगो या तयार चौकटीवर बनवलंय, त्यात प्रत्येक मायग्रेशनला नंबर असतो, ००११, ००१२ असा, आणि कुठपर्यंत चालवून झालंय ते डेटाबेसमध्येच एका टेबलात लिहिलेलं असतं. मागे यायचं तर आम्ही त्याला ००११ वर जायला सांगतो, मग तो ००१२ उलटा चालवतो.

उलटा म्हणजे असं, की कॉलम वाढवला असेल तर काढून टाकतो आणि काढला असेल तर परत घालतो, पण रिकामा घालतो. घरातला माळा मोडला आणि परत बांधला तर माळा येतो, वर ठेवलेली भांडी येत नाहीत.

आमच्याच हातून हे एकदा झालंय. पूर्वी पेटीत किती फळ भरलं ते 'शेरा'मध्ये लिहायची पद्धत होती, कोण "५ डझन" लिहायचं, कोण "साडेपाच", कोण "५ + २ फळं". आम्ही 'डझन' असा आकड्याचा वेगळा कॉलम केला, शेऱ्यातले आकडे उचलून त्यात टाकले आणि शेरा काढून टाकला, सगळं एकाच मायग्रेशनमध्ये. "साडेपाच" काही प्रोग्रामला वाचता आलं नाही, तिथे शून्य बसलं. दुपारी एका बागायतदारांच्या लक्षात आलं, आम्ही लगेच मागे घेतलं, शेरा कॉलम परत आला आणि वरपासून खालपर्यंत कोरा. मग रात्रीचा बॅकअप चढवला, तर सकाळपासून भरलेल्या पेट्या गेल्या, कारण बॅकअपला त्या माहितीच नव्हत्या. त्यांच्या घरच्यांनी वहीवरून सगळं परत भरलं. वही होती म्हणून निभावलं, पण तो त्रास आमच्यामुळे झाला आणि तेव्हापासून आम्ही कामाची पद्धतच बदलली.

आता जुना कॉलम लगेच काढत नाही. आधी नवा वाढवतो, सीझनभर प्रोग्राम दोन्हीकडे लिहितो, आकडे जुळतायत का ते बघतो आणि जुना काढायचा तो मिरग लागल्यावर, आंबा आवरला की. त्यामुळे मध्येच काही बिघडलं तर फक्त जुना प्रोग्राम बसवायचा, साच्याला हातच लावायचा नाही. आणि चूक छोटी असेल तर मागे न जाता दुरुस्तीचं नवं मायग्रेशन पुढे टाकतो, आमच्या अनुभवात तेच जास्त सुरक्षित पडतं.

उलट बाजूही लक्षात असू द्या, हे फार कोणी सांगत नाही. समजा आम्ही 'बॉक्सचं वजन' हा नवा कॉलम दिला, तुम्ही चार दिवस वजनं भरलीत आणि पाचव्या दिवशी म्हणालात मागे घ्या, तर तो कॉलम जाताना चार दिवसांची वजनं घेऊन जातो. म्हणून आम्ही आधी ती एक्सेलमध्ये काढून तुमच्याकडे देतो आणि तुम्ही हो म्हटल्यावरच पुढे जातो.

लाईटचं बऱ्याच जणांनी विचारलंय, की मायग्रेशन चालू असताना लाईट गेली तर? पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल हे डेटाबेसचे दोन प्रकार. पोस्टग्रेसवर आपलं प्रत्येक मायग्रेशन एका ट्रान्झॅक्शनमध्ये चालतं, झालं तर पूर्ण, नाहीतर काहीच नाही. ज्यांच्याकडे जुनं मायएसक्यूएल आहे तिथे तसं नाही, तिथे टेबल बदलायची प्रत्येक कमांड तिथल्या तिथे पक्की होते, मग पाचातली दोन झाली आणि तीन राहिली अशी अर्धवट अवस्था होऊ शकते आणि ती हाताने निस्तरावी लागते. अशा ग्राहकांकडे आम्ही इन्व्हर्टर चालू असल्याची खात्री केल्याशिवाय सुरूच करत नाही, आणि या पावसाळ्यात सगळ्यांना पोस्टग्रेसवर आणायचं आमचं ठरलंय.

तुमच्याकडून एवढंच हवंय. अपडेटच्या आधी आम्ही बॅकअप घेतो, तो सुरू झाल्यापासून "झालं" असा आमचा फोन येईपर्यंत एकही एंट्री करू नका, मोबाईलवरूनही नाही, अगदीच अडलं तर वहीत लिहा. आणि काही चुकतंय असं वाटलं तर संध्याकाळपर्यंत थांबू नका, लगेच कळवा, कारण जितक्या नव्या पेट्या चढतात तितकं मागे येणं अवघड होतं. कळवताना स्क्रीनच्या खाली कोपऱ्यात असतो तो व्हर्जन नंबर आणि बरोबर दिसलेली शेवटची पट्टी कुठली ते सांगा, बाकीचं आम्ही बघतो.