केनियाच्या खचदरीला निघण्याआधी: तलावाचं नाव आम्ही आधी का सांगत नाही

आमच्या केनिया सहलीची चौकशी करणाऱ्या फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो. "फ्लेमिंगो नक्की दिसणार ना?" दुसराही ठरलेला. "म्हणजे नकुरू तलावालाच नेणार ना?" पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा "हो" असतं, आणि ते "हो" राहावं म्हणूनच दुसऱ्याला आम्ही लगेच "हो" म्हणत नाही. हे समजावण्यात दरवेळी अर्धा तास जातो, म्हणून हे पत्रक छापून घेतलं.

मसाई माराबद्दल इथे काही लिहिलेलं नाही, ती माहिती तुमच्याकडे आधीच असते. हे पत्रक आहे सहलीच्या पहिल्या चार दिवसांबद्दल. बरेच जण ते "माराला जातानाचा रस्ता" समजतात. आमच्या मते मात्र निम्मी सहल तीच आहे.

घाट उतरलो, समोर पुन्हा घाट

नैरोबी सोडून लिमुरूच्या पुढे गेलं की रस्ता अचानक कड्याच्या टोकावर येतो. खाली सपाट मैदान, त्यात लोंगोनोटचा ज्वालामुखी, तोंड कापलेल्या शंकूसारखा. ग्रुपमधलं कोणीतरी हमखास म्हणतं, "अहो, हे तर आपलं खंडाळा!" दिसायला तसंच आहे. पण खंडाळ्याखाली उतरलं की पुढे कोकण आणि समुद्र. इथे उतरलं की पलीकडे, पन्नास-साठ किलोमीटरवर, दुसरा कडा उभा असतो. मधली जमीन खचलेली आहे.

शाळेत नर्मदा आणि तापी खचदरीतून वाहतात असं आपण पाठ केलं होतं. ही त्याच जातीची दरी, फक्त हिचं काम अजून चालू आहे. पूर्वेकडचं सोमाली भूपट्ट आफ्रिकेच्या उरलेल्या भागापासून वर्षाला काही मिलिमीटर या वेगानं दूर सरकतंय. ब्रिटिश भूशास्त्रज्ञ जॉन वॉल्टर ग्रेगरी १८९३ मध्ये बारिंगो तलावापर्यंत आला होता. दोन्ही बाजूंच्या खडकांचे थर ताडून त्यानं सांगितलं की ही दरी नदीनं कोरलेली नाही, भेगांच्या मधली जमीन खाली बसली आहे. केनियातल्या या भागाला त्याचंच नाव आहे.

खाली बसली म्हणजे खोल गेली, असंही नाही. खालून तापलेल्या द्रव्यानं हा सगळा प्रदेशच आधी वर उचलला गेलाय. दरीच्या तळाशी असलेला नैवाशा तलाव समुद्रसपाटीपासून सुमारे १,८८० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६. म्हणजे तुम्ही "दरीत" उतरता तेव्हा महाराष्ट्राच्या सर्वात उंच शिखराच्याही वर असता. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे संध्याकाळी स्वेटर लागतो तो यामुळे. "आफ्रिका म्हणजे उकाडा" असं धरून नुसते टी-शर्ट घेऊन आलेल्यांना आम्ही पहिल्या रात्री आमच्या शाली देतो. शाली मोजक्या आहेत.

आणखी एक प्रश्न हल्ली फार येतो. "ती जमीन फाटलेली भेग दाखवाल का?" मार्च २०१८ मध्ये याच दरीतल्या माई माहिऊ गावाजवळ रस्ता चिरत गेलेल्या भेगेचे व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर अजून फिरतात, "आफ्रिकेचे दोन तुकडे" या मथळ्याखाली. जोरदार पावसानं ज्वालामुखीच्या राखेची भुसभुशीत माती वाहून गेली आणि वरची जमीन ढासळली, असं बऱ्याच भूशास्त्रज्ञांनी तेव्हाच सांगितलं होतं. रस्ता लगेच भरून घेतला गेला. खंड एका रात्रीत फाटत नाही. खरी भेग बघायची तर त्या कड्यावर उभं राहा, ती तुमच्या पायाखालीच आहे.

हेल्स गेट

नैवाशाच्या दक्षिणेला हेल्स गेट राष्ट्रीय उद्यान आहे. इथे जीपमधून उतरता येतं, चालता येतं, भाड्याची सायकलही मिळते. झेब्र्यांच्या बाजूनं सायकल हाणण्याची मजा गाडीच्या खिडकीतून येत नाही. उद्यानातल्या अरुंद घळीत उतरण्याचा निर्णय मात्र तिथल्या रेंजरचा. वर कुठे पाऊस पडला की खाली लोंढा येतो आणि घळ बंद ठेवतात, तेव्हा हट्ट करू नये. शेजारी ओल्कारियाला जमिनीतल्या वाफेवर वीज तयार होते, १९८१ पासून. पाइपांची जाळी आणि वाफेचे लोट रस्त्यावरूनच दिसतात.

वाटेत काळ्या काचेसारखे चकाकणारे तुकडे पडलेले असतात. तो ऑब्सिडियन, झटकन थिजलेला लाव्हा. धार अशी की अंगठा फिरवला तर कापतो. खिशात घालू नका. उद्यानातून दगड नेता येत नाही, आणि फाटकावर बॅग उघडायला लावली की बाकी अकरा जण उन्हात थांबतात.

आता मुद्द्याचं

मुंबई-ठाण्याच्या ग्राहकांना ऐरोलीची सवय आहे. ठाणे खाडीत रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो, हिवाळ्यात येतात, पावसाच्या तोंडावर जातात. जागा ठरलेली, मोसम ठरलेला. केनियात असं वेळापत्रक नाही. पक्षी आहेत, पण ते तलावामागून तलाव बदलत राहतात. कारण त्यांचं पोट.

दरीतल्या बऱ्याच तलावांना बाहेर जायला वाट नाही. ज्वालामुखीच्या खडकांतून सोडा घेऊन पाणी येतं, उन्हानं उडून जातं, सोडा मागे राहतो. अशा खाऱ्या-बुळबुळीत पाण्यात स्पिरुलिना नावाचं सूक्ष्म निळं-हिरवं शेवाळ फोफावतं. आपल्या लोणारच्या पाण्यातही ते आहे, फक्त लोणारचा खड्डा उल्केनं केला. छोटा रोहित (लेसर फ्लेमिंगो) मान खाली घालून, चोच उलटी धरून हेच शेवाळ गाळून खातो, आणि त्याचा गुलाबी रंगही त्यातूनच येतो. नैवाशाचं पाणी जमिनीखालून निघून जातं, म्हणून तो गोडा. तिथे पाणघोडे आहेत, मत्स्यगरुड आहेत, पण गुलाबी किनारा शोधू नका.

२०१० नंतर या तलावांचं पाणी वाढत गेलं. नकुरू इतका फुगला की उद्यानाचं जुनं मुख्य फाटक पाण्याखाली गेलं आणि काठची पिवळ्या सालीची बाभळीसारखी झाडं पाण्यात उभ्या-उभ्या वाळली. पाणी वाढलं की सोडा पातळ होतो, शेवाळ कमी होतं, पक्षी उठून जातात. बहुतेक वेळा उत्तरेला बोगोरियाला, कधी एलेमेंताइताला. हे तिन्ही तलाव मिळून २०११ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, आणि पक्ष्यांच्या दृष्टीनं ते तीन नाहीतच, एकाच घराच्या तीन खोल्या आहेत. तुमच्याकडे असलेला नकुरूचा गुलाबी फोटो खोटा नाही. जुना आहे.

म्हणून आमची पद्धत अशी आहे. निघण्याच्या दोन दिवस आधी आमचा नैरोबीचा ड्रायव्हर तिकडच्या चालकांना फोन करतो, आणि मग मुक्काम ठरतो. तोपर्यंत कार्यक्रमपत्रिकेत "नकुरू किंवा बोगोरिया" एवढंच असतं. यालाच लोक "तुमचं काही पक्कं नसतं" म्हणतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते: हॉटेल स्वतः आधी बुक करून ठेवणं. मागे एका कुटुंबानं नकुरूच्या उद्यानातलं लॉज सवलतीत पाहिलं आणि आम्हाला न विचारता दोन रात्रींचे पैसे भरले, परत न मिळणारे. त्या आठवड्यात पक्षी बोगोरियात होते. बाकीचा ग्रुप बोगोरियाच्या फाटकाजवळ राहिला. हे चौघं नकुरूहून निघून अडीच तासांनी पोचले, तेव्हा अकरा वाजले होते. ऊन चढलेलं, हवा थरथरत होती, दुर्बिणीतून फक्त गुलाबी डाग. परत जायचं म्हणून पाऊण तासात निघाले. प्रवास पाच तास, पक्षी पाऊण तास. वर वेगळ्या गाडीचं भाडं.

त्याच दिवशी बाकीचे साडेसहाला काठावर होते. गरम झऱ्यांची वाफ पाण्यावरून सरकत होती आणि त्या वाफेत हजारो पाय. आवाज लग्नघरातल्या गलक्यासारखा, अखंड. पुढच्या रांगेतले पक्षी झऱ्याच्या कमी खाऱ्या पाण्याशी येऊन पीत होते. मग एक मत्स्यगरुड आला, आणि चादर झटकावी तसा तो सगळा थवा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलला. एका काकूंनी कॅमेरा काढलाच नाही. त्यांच्या चपलेला करड्या चिखलात अडकलेलं एक गुलाबी पीस चिकटलं होतं, ते त्यांनी सोडवून तिथेच ठेवलं. (बोगोरियाच्या झऱ्यांत अंडी उकडतात, हे खरं आहे. पण झऱ्याच्या कडेचा थर पातळ असतो, ठरवलेल्या वाटेवरूनच चाला.)

आम्ही दोन्ही ठिकाणी खोल्या धरून ठेवतो आणि एका ठिकाणची आगाऊ रक्कम दरवेळी सोडून देतो. तो खर्च दरात आहे. जाहिरातीतल्या दरांपेक्षा आमचा आकडा थोडा चढा दिसतो त्याचं हे एक कारण. दुसरं कारण म्हणजे बारा जणांना दोन गाड्या, प्रत्येकाला खिडकी.

आणि समजा मुक्काम नकुरूलाच पडला, तर नाराज होऊ नका. काळे-पांढरे दोन्ही गेंडे एका सकाळी दिसण्याची शक्यता तिथे चांगली असते, १९८७ पासून ते गेंड्यांचं अभयारण्य आहे. रॉथशील्ड जिराफही आहेत. गुडघ्याखाली नक्षी नसते, पांढरे मोजे घातल्यासारखे दिसतात.

बाकी थोडक्यात

पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या. दहाव्या दिवशीच ती ग्राह्य होते, आणि लस घेतल्याचं पिवळं कार्ड नसेल तर भारतात परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस ठरावीक केंद्रांवरच मिळते, त्यामुळे वेळ आधी घ्या. एकदा घेतली की जन्मभर चालते. कार्ड हाताच्या बॅगेत ठेवा, सामानात नको.

व्हिसाऐवजी आता ऑनलाइन प्रवास परवाना लागतो, तो आम्ही काढून देतो.

चिवडा-लाडू जरूर आणा, पण डब्यात किंवा कापडी पिशवीत. प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर केनियात २०१७ पासून बंदी आहे आणि ती कागदोपत्री नाही. जेवणाची काळजी नको, तिथे चपातीला चपातीच म्हणतात. कडक सुटकेसऐवजी मऊ बॅग आणा, गाडीच्या मागे सुटकेस बसत नाही आणि मग ती कोणाच्यातरी मांडीवर येते.

बुकिंगच्या फॉर्मवर तिसऱ्या आणि चौथ्या रात्रीसमोर "मुक्काम" असं लिहून पुढे जागा सोडलेली दिसेल. ती छपाईची चूक नाही. कृपया ती मोकळीच ठेवा.