फिकट रेड वाइन म्हणजे पाणी घातलेली?

रेड वाइन फिकट दिसली की ती हलकी किंवा पाणी घातलेली, असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. शंका स्वाभाविक आहे, पण रंगावरून ते ठरत नाही.

इटलीच्या सिसिली बेटावर एटना ज्वालामुखीच्या उतारावर नेरेल्लो मास्कालेसे नावाचं काळं द्राक्ष पिकतं. त्याची वाइन इतकी पारदर्शक, की ग्लासामागचं बोट दिसावं. घोट घेतला मात्र की हिरड्या आवळतात, आणि अल्कोहोल बरेचदा 13-14 टक्के! रंग सालीतून येतो, तुरटपणा साल आणि बियांतल्या वेगळ्या द्रव्यांतून. या जातीत रंग कमी, तुरटपणा भरपूर. अल्कोहोल तर रसातल्या साखरेचं बनतं.

घरी काळं द्राक्ष सोलून बघा, गर हिरवट-पांढराच निघेल. बाटली हाती आली, तर लेबलवरचा अल्कोहोलचा टक्का वाचा.