दुकानाचे हस्तांतरण आणि कामगारांचे हक्क (गोवा)

दुकान, सुपरमार्केट किंवा शोरूम एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेल्यावर तिथल्या कामगारांच्या नोकरीला व थकलेल्या देण्याला मिळणारे कायद्याचे संरक्षण. म्हापशात किंवा मडगावात दुकानाची पाटी बदलते, काउंटरमागची माणसे मात्र पुष्कळदा तीच असतात. प्रश्न येतो तो त्यांच्या जुन्या वर्षांचा.

या तरतुदीचा इतिहास बार्शीपर्यंत जातो. बार्शी लाइट रेल्वे 1954 मध्ये सरकारने ताब्यात घेतली. मालकी बदलली म्हणजे कामगारकपात झाली असे नव्हे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1956 मध्ये दिला आणि भरपाईचा आधारच गेला. पुढच्या वर्षी औद्योगिक विवाद कायद्याचे कलम 25 एफएफ नव्याने लिहिले गेले. आज हीच तरतूद औद्योगिक संबंध संहितेच्या कलम 73 मध्ये आहे. ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली.

वर्षभर सलग काम केलेल्याला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय दर वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार मिळतो. सहा महिन्यांच्या वरचा काळ पूर्ण वर्ष धरतात. म्हणजे 15,000 रुपये पगारावर 9 वर्षे 7 महिने राबलेल्या सेल्सगर्लची भरपाई सुमारे 75,000 रुपये होते. ती विकणाऱ्या मालकाने द्यायची. नव्या मालकाने कामावर ठेवलेच पाहिजे असे मात्र बंधन नाही. सर्वोच्च न्यायालयाचे न्या. गजेंद्रगडकर यांनी 1962 मध्ये हे स्पष्ट केले होते.

सेवेत खंड नाही, अटी पूर्वीपेक्षा वाईट नाहीत आणि पुढे कपात झाल्यास नवा मालक जुनी वर्षे मोजून भरपाई देणार, या तिन्ही गोष्टी असतील तर हस्तांतरणाच्या वेळी भरपाई मिळत नाही. कंपनीचे नुसते शेअर विकले गेले तर कायद्याच्या नजरेत मालक तोच राहतो.

खरा घात कागदावर होतो. ‘फक्त फॉर्मॅलिटी’ म्हणून ‘स्वखुशीने राजीनामा देत आहे’ या ओळीखाली सही घेतात आणि नव्या तारखेचे नेमणूकपत्र हातात ठेवतात. त्या एका सहीने नऊ वर्षांवरचा हक्क धोक्यात येतो. अशी सही करण्याआधी पगाराच्या पावत्या, हजेरीपटाची प्रत व पीएफचा तपशील घेऊन पणजीत पाटोवरच्या श्रमशक्ती भवनातील कामगार आयुक्तालय गाठावे.