तार रिकामी, तरी टपाल उशिरा

मागच्या महिन्यात एका मित्राच्या छोट्याशा कंपनीत बसलो होतो. त्यांचं सगळं काम क्लाउडवर. भाड्याने घेतलेले दोन सर्व्हर, दोन्ही एकाच डेटा सेंटरमधले. एकावरून दुसऱ्याला पिंग मारत होतो. पिंग म्हणजे 'आहेस का?' अशी हाक आणि 'आहे' असं उत्तर. उत्तराला लागलेला वेळ पडद्यावर ओळीओळीने उमटत होता, मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत: ०.४, ०.४, ०.५, ०.४, २६, ०.४... "बघ, नेट मधेच स्लो होतं," मित्र म्हणाला. त्याचा भागीदार 'बुध वक्री आहे' म्हणून मोकळा झाला.

बुध वर्षातून तीन-चारदा वक्री दिसतो, तोही पृथ्वीवरून पाहिलं तर, आणि दर वेळी तीनेक आठवडे. हा २६ चा आकडा दर दोन मिनिटांनी येत होता. तेव्हा बुध निर्दोष. पण नेटही निर्दोषच. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. २६ मिलिसेकंदांत झाले ५,२०० किलोमीटर. एवढ्या वेळात तो मुंबईहून कोलकात्याला जाऊन परत येईल आणि वर वेळ उरेल. इथे दोन्ही यंत्रं एकाच इमारतीत! म्हणजे संदेश धावत नव्हता, कुठेतरी नुसता बसून होता.

कुठे, ते २०१० साली राइस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी ॲमेझॉनच्या ईसीटू या भाड्याने मशीन देणाऱ्या सेवेवर मोजमापं करून दाखवलं. सगळ्यात स्वस्त, छोट्या मशीनना खऱ्या प्रोसेसरचा ४० ते ५० टक्केच वेळ मिळत होता. त्यांच्यातला डेटाचा वेग काही दहा-वीस मिलिसेकंदांच्या आत सेकंदाला १ गिगाबिटवरून थेट शून्यावर येई आणि पुन्हा वर उडी मारी. आणि हे सगळं जाळ्यावर फारसा ताण नसताना.

गिरणगावातली खोली आठवा. एका खोलीत दहा-बारा कामगार, पाळीपाळीने राहणारे. गावाहून पत्र आलं की पोस्टमन वेळेवर आणून देतो. खोली सांभाळणारी मावशी ते घेऊन फळीवर ठेवते. पण ज्याचं पत्र तो गिरणीत. त्याची खोलीत यायची पाळी होईपर्यंत पत्र फळीवरच. पोस्टमनची चूक नाही, टपालखात्याचीही नाही.

क्लाउडमधली खोली म्हणजे खरा प्रोसेसर आणि भाडेकरू म्हणजे व्हर्च्युअल मशीन, एका खऱ्या यंत्रात मांडलेली आभासी यंत्रं. प्रत्येकाला वाटतं खोली आपलीच. पाळ्या लावणाऱ्या प्रोग्रामला हायपरवायझर म्हणतात. ईसीटूवर तेव्हा केंब्रिज विद्यापीठात जन्मलेला झेन हा हायपरवायझर होता. त्याच्या नेहमीच्या शेड्युलरमध्ये, म्हणजे पाळ्या ठरवणाऱ्या भागात, एक पाळी ३० मिलिसेकंदांची. नेटवर्क कार्डावर आलेलं पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, आधी एक खास मशीन घेतं, म्हणजे आपली मावशी, आणि ते मालकाच्या नावाने मेमरीत ठेवून देतं. मालकाची पाळी आली की गठ्ठा एकदम त्याच्या हाती.

आता गंमत पाहा. १ गिगाबिटच्या तारेवर १,५०० बाइटचं पॅकेट चढायला १२ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचे १२ दशलक्षांश, लागतात. ३० मिलिसेकंदांच्या एका पाळीत अशी २,५०० पॅकेटं जातील. पण टीसीपी, म्हणजे नेटवरून डेटा पाठवण्याची नेहमीची पद्धत, तिचा नियम असा, की पोच आल्याशिवाय ठरावीक मर्यादेपुढे पाठवायचं नाही. घेणारा पाळीबाहेर, म्हणून पोच नाही; पोच नाही, म्हणून पाठवणारा गप्प. तार रिकामी पडून! मग पाळी येते, पोचपावत्यांचा लोंढा सुटतो आणि वेग पुन्हा टोकाला. सेकंदाची सरासरी काढली, तर यातलं काही दिसतही नाही.

झेनने यावर एक युक्ती केली होती, आणि मला ती फार आवडते. जे मशीन निवांत पडून होतं, त्याच्यासाठी पॅकेट आलं तर त्याला 'बूस्ट' देऊन रांगेत पुढे घुसवायचं. पण जे आधीच कामात आहे आणि पाळी संपल्याने रांगेत उभं आहे, त्याला बूस्ट नाही, कारण ते झोपलेलं नव्हतंच. म्हणजे रिकामटेकड्याला पत्र लगेच मिळतं, राबणाऱ्याला उशिरा. मित्राचा हायपरवायझर वेगळा होता, पण २६ चा आकडा यायचा तोही त्याचा हिशेबाचा प्रोग्राम चालू असतानाच.

पुढे नेटवर्क कार्डंच हुशार झाली. एसआर-आयओव्ही या पद्धतीत एकच कार्ड अनेक कार्डांसारखं वागतं, प्रत्येक भाडेकरूला स्वतंत्र टपालपेटी देतं, मावशीची गरज उरत नाही. ॲमेझॉनने २०१७ मध्ये नायट्रो आणून हे काम वेगळ्या चिपवर टाकलं. पेटी स्वतःची झाली, पण ती उघडायला खोलीत यावंच लागतं. स्वस्त मशीनवर प्रोसेसरच्या पाळ्या आजही असू शकतात. जाहिरातीतला '१० गिगाबिटपर्यंत' हा वेग दुकानावरच्या '५० टक्क्यांपर्यंत सूट'सारखाच वाचावा. सगळा जीव त्या 'पर्यंत'मध्ये असतो.

मित्राने थोडे जास्त पैसे मोजून स्वतंत्र कोअरवालं, म्हणजे प्रोसेसरचा भाग कुणाशी वाटून न घेणारं, मशीन घेतलं. डेटा सेंटर तेच, तारा त्याच. पिंग तासभर चालू ठेवला, सगळ्यात मोठा आकडा १.१ आला. भागीदाराचं म्हणणं, बुध मार्गी झाला.