आद्य ख्रिस्ती खंडनपर वाङ्मय : भावना आणि इंद्रिये

इ. स. दुसऱ्या ते पाचव्या शतकांत ख्रिस्ती धर्मगुरूंनी मूर्तिपूजक, ज्यू आणि पाखंडी ठरवलेले स्वधर्मीय यांच्याविरुद्ध ग्रीक, लॅटिन व सिरियाक (अॅरेमाइकची एक शाखा) भाषांत विपुल लेखन केले. त्याचा अभ्यास बहुधा सिद्धान्तांच्या अंगाने होतो. पण प्रतिपक्षाचे चुकते कुठे हे पटवण्याइतकीच त्याची किळस यावी, धास्ती वाटावी, ही या लेखकांची धडपड होती.

गंधाचा वाद जुना आहे. यज्ञातला धूर आणि रक्त हे दुरात्म्यांचे खाद्य, असे ग्रीकमध्ये लिहिणाऱ्या ऑरिजेन या ख्रिस्ती पंडिताने लिहिले. कार्थेजच्या टर्टुलियनने मात्र १९७ च्या सुमारास बजावले, की ख्रिस्ती लोक देवांपुढे धूप जाळत नसले तरी अरबस्तानच्या व्यापाऱ्यांनी कुरकुर करू नये. ख्रिस्ती प्रेतांच्या दफनासाठी त्यांचा माल अधिक आणि महागाचा खपतो. सुगंध तोच, फक्त त्याची जागा बदललेली. याच टर्टुलियनने रंगभूमी व रथशर्यतींवर कोरडे ओढले, कारण तिथे बसलेल्याचे मन खवळल्यावाचून राहत नाही. पण त्याच पुस्तकाच्या शेवटी अंतिम न्यायाच्या दिवशी राजे आणि तत्त्वज्ञ जळताना पाहण्याचा आनंद तो मिटक्या मारीत रंगवतो. डोळ्यांची भूक त्यालाही चुकलेली नव्हती.

सर्वांत बोलका पुरावा रोमन सिरियातल्या अँटिऑक शहराचा. ३८६ च्या शरद ऋतूत ज्यूंचे सण तोंडावर आले होते. नववर्षाची शिंगे ऐकायला, उपास धरायला बरेच ख्रिस्ती सिनेगॉगकडे, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहाकडे वळत. नुकताच धर्मगुरू झालेला जॉन क्रिसॉस्टम त्यांच्याविरुद्ध बोलू लागला. ३८७ पर्यंत चाललेली अशी आठ प्रवचने उपलब्ध आहेत. पहिल्यात तो डोळ्यांदेखत घडलेला प्रसंग सांगतो. एक ख्रिस्ती माणूस एका स्त्रीला शपथ घ्यायला बळेच सिनेगॉगमध्ये नेत होता. क्रिसॉस्टमने तिला सोडवले आणि चर्च सोडून तिथेच का, असे विचारले. तिथल्या शपथेचा धाक जास्त असतो असे लोक सांगतात, हे त्या माणसाचे उत्तर.

क्रिसॉस्टमला हेच झोंबले. भय चर्चमध्ये वाटायला हवे होते! म्हणून तो सिनेगॉगला नाटकगृह म्हणतो, श्वापदांची गुहा म्हणतो, तिकडे जाण्याला रोग ठरवतो. ग्रीक वक्तृत्वशाळांत निंदेचा असा अतिशयोक्त प्रकार रीतसर शिकवला जाई. मात्र तेवढ्याने या शब्दांचे विष उतरत नाही. पुढे ज्यूद्वेष्ट्यांनी ते शतकानुशतके वापरले. त्या काळच्या ज्यूंविषयी ही प्रवचने फारसे विश्वासार्ह काही सांगत नाहीत. शिंगांचा आवाज त्याच्या श्रोत्यांना किती ओढत होता, ते मात्र ती सांगतात.

सिरियाक प्रदेशात लढाई कानांची होती. पाखंडी ठरवलेल्या बार्दैसान या विचारवंताची गाणी एडेसा या तिथल्या शहरात लोकप्रिय होती. सेंट एफ्रेमने (मृत्यू ३७३) पाखंडाच्या खंडनासाठी स्वतःच पदे रचली. ती स्त्रियांचे गायकवृंद चर्चमध्ये गात असत.